समुद्राचे दफ्तर : देवमाशांचा हंगाम कोणत्या पुराव्यावर ठरवायचा? (दीर्घ धागा)

नोव्हेंबर १९६६. ओडेसाहून अंटार्क्टिकाकडे निघालेल्या सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी वाटेत अरबी समुद्रात मुक्काम केला. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांसमोर त्या एका महिन्यात २३८ हंपबॅक देवमासे मारले गेले. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ही शिकार बेकायदा होती. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाला सादर झालेल्या सोव्हिएत आकडेवारीत तिचा मागमूसही नव्हता.

१९६३ ते १९६७ या काळात ‘स्लावा’ आणि ‘सोवेत्स्काया उक्राइना’ या दोन ताफ्यांनी अरबी समुद्रात मिळून ३,३३९ देवमासे मारले. त्यांत निळे देवमासे १,२९४, स्पर्म ९५४, ब्राइड्स ८४९ आणि हंपबॅक २४२. मुंबई-रत्नागिरीच्या पश्चिमेला पसरलेल्या याच समुद्रात हे घडले, आणि जगाला ते कळायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

हा धागा त्या शिकारीपासून सुरू होतो, पण त्याचा खरा विषय पुढचा आहे. आपल्या समुद्रात देवमासे कोणत्या ऋतूत असतात, हे कोणत्या पुराव्यावर ठरवायचे? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवे साधन मिळाले आहे : पाण्याखालचे ध्वनिमुद्रण. हे साधन अस्सल आहे, यात शंका नाही. मात्र काही आठवड्यांच्या मुद्रणावरून ‘हंगाम’ जाहीर करण्याची जी घाई होते, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटली पाहिजे. एका सुट्या पत्रावरून मोहीम उभी करणाऱ्या बखरीची ही जातकुळी आहे. कोकणच्या समुद्राचे बारमाही, सलग आणि सर्वांना खुले असे ध्वनिदफ्तर उभे राहत नाही, तोवर हंगाम हा शब्द जपूनच वापरला पाहिजे.

प्रथम कागदांची गोष्ट.

सोव्हिएत शिकारीचे दोन हिशेब होते. एक आयोगाला दाखवण्याचा, दुसरा जहाजावरच्या नोंदींचा. १९९३-९४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव यांनी पहिला हिशेब खोटा असल्याचे उघड केले. त्यानंतरच्या संशोधनातून विसाव्या शतकात सोव्हिएत ताफ्यांनी लपवलेली शिकार सुमारे १,८०,००० देवमाशांच्या घरात जाते, असे दिसून आले. दुसरा हिशेब वाचला तो काही माणसांच्या चिकाटीमुळे. द्मित्री तोर्मोसोव या जीवशास्त्रज्ञाने शिकारीच्या मूळ नोंदी बटाटे साठवण्याच्या तळघरात दडवून ठेवल्या होत्या. माळ्यावरच्या पेटाऱ्यांतून, देवघरामागच्या कोनाड्यांतून निघालेल्या रुमालांच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे तळघर परके वाटू नये.

अरबी समुद्राची नोंदवही जगापुढे आणली ती युरी मिखालेव यांनी. ते या ताफ्यांवर काम केलेले जीवशास्त्रज्ञ. १९९७ मध्ये त्यांचा हंपबॅकवरील निबंध प्रसिद्ध झाला. मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांची लांबी जहाजावर मोजून ठेवलेली होती. दक्षिण गोलार्धातील हंपबॅक साधारण जून ते ऑक्टोबर या तिकडच्या हिवाळ्यात समागम करतात व विततात. उत्तर गोलार्धातील आपल्या हिवाळ्यात. अरबी समुद्रातील गर्भांची मापे उत्तरेच्या पंचांगाशी जुळली. म्हणजे हे देवमासे अंटार्क्टिकाहून पाहुणे म्हणून येत नव्हते. शिवाय त्यांच्या जठरांत क्रिल आणि तारली-बांगड्यांच्या कुळातील मासे सापडले. खाणे आणि प्रजनन दोन्ही इथेच. जगातील इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे चरायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात परततात. हा एकच समूह बारमाही उष्ण कटिबंधात राहतो.

अरबी समुद्रातील हंपबॅकच्या पंचांगाचा पहिला भक्कम पुरावा असा कत्तलीच्या वहीतून मिळाला. साधनचिकित्सेच्या वर्गात शिकवावे असे हे उदाहरण आहे. आयोगाला पाठवलेला कागद अधिकृत होता, शिक्क्याचा होता, आणि खोटा होता. फूटपट्टीने मोजून लिहिलेली गर्भाची लांबी कोणाला दाखवण्यासाठी नव्हती, म्हणून तिच्यात कोणाचा स्वार्थ मिसळला नाही.

पुढे ओमानच्या किनाऱ्यावर छायाचित्रांवरून झालेल्या मोजणीत तेथील हंपबॅकांची संख्या अवघी ८२ च्या आसपास निघाली. २०११ मध्ये तो अंदाज प्रसिद्ध झाला. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह दक्षिणेकडील आपल्या भाऊबंदांपासून सुमारे ७०,००० वर्षे विलग आहे. एका महिन्यात २३८ मारले गेले होते, हे इथे पुन्हा आठवावे.

आता सातारा आणि सांगली यांच्याकडे वळू. या दोन जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. घाटावरच्या गावांत देवमाशाचे नाव ऐकू येते ते बहुधा ‘उलटी’च्या, म्हणजे अंबरच्या तस्करीच्या बातमीत; सांगलीतही अशी जप्ती झालेली आहे. मग देवमाशांच्या चर्चेत या जिल्ह्यांचे काय काम?

काम असे की मराठीत ‘साधन’ हा शब्द ज्या अर्थाने आज वापरला जातो, तो अर्थ घडवण्यात या दोन जिल्ह्यांचा मोठा वाटा आहे. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईला हाती आलेल्या कागदांच्या बळावर, १७५० ते १७६१ चा, म्हणजे पानिपतापर्यंतचा पत्रव्यवहार त्यात आहे. मिरजेत शिक्षकाची नोकरी सांभाळून वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापत होते. त्यांचे काम १८९७ पासूनचे. साताऱ्यात द. ब. पारसनीस कागद, चित्रे, नकाशे जमवत होते. त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या तिघांचे स्वभाव वेगळे, भांडणेही होती. परंतु एका बाबतीत त्यांची कृती एकसारखी आहे : आधी कागद जमवा, मूळ मजकूर जसाच्या तसा छापा, मग दुसरा कोणी त्यावर वाद घालू शकेल.

विशेषतः खरे यांचे काम आज पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्यांनी एखादे सनसनाटी पत्र उचलून लेख लिहिला नाही. एका घराण्याचा पत्रव्यवहार वर्षामागून वर्ष क्रमाने लावला. त्यामुळे एखाद्या महिन्यात पत्रे का थांबली, हा प्रश्नच मुळी विचारता येऊ लागला. क्रम नसेल तर खंडही दिसत नाही.

देवमाशांचा हंगाम हा नेमका खंडाचा प्रश्न आहे. ‘एप्रिलमध्ये असतात’ या वाक्यात ‘ऑगस्टमध्ये नसतात’ हे वाक्य दडलेले असते. पहिल्याला एक मुद्रण पुरते. दुसऱ्याला सबंध ऑगस्ट लागतो, तोही एकापेक्षा जास्त वर्षांचा.

ध्वनीचे साधन कसे काम करते, ते थोडक्यात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चारपटीहून अधिक वेगाने. खालच्या पट्टीतील स्वर तर फार दूरवर पोचतात. निळ्या देवमाशाच्या गाण्यातील स्वर १०० हर्ट्झच्याही खाली असतात, काही माणसाच्या कानाच्या मर्यादेशी टेकलेले. हायड्रोफोन नावाचा जलरोधक ध्वनिग्राहक, त्याला जोडलेली बॅटरी आणि साठवण-पेटी समुद्राच्या तळाशी बांधून ठेवतात. काही महिन्यांनी ती वर काढतात. मुद्रणाचे रूपांतर स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे वेळ आणि स्वराची उंची दाखवणाऱ्या चित्रात करतात, आणि त्या चित्रातील वळणे वाचतात.

हे वाचन मोडी वाचण्याहून फार निराळे नाही. नवख्याला सगळी अक्षरे सारखी दिसतात. सरावलेला माणूस वळणावरून काळ ओळखतो. हंपबॅकच्या बाबतीत हे साम्य आणखी पुढे जाते, कारण एका समूहातील नर एका काळात साधारण एकच गाणे गातात आणि ते गाणे कालांतराने बदलत जाते. म्हणून गाण्याच्या धाटणीवरून गायक कोणत्या समूहाचा, हे ताडता येते. हस्ताक्षरावरून लेखनिक ओळखावा तसे. निळ्या देवमाशांत तर समूहागणिक गाणे इतके ठरलेले असते की २०२० च्या डिसेंबरात ओमान, मादागास्कर आणि चागोस येथील मुद्रणांत आढळलेल्या एका वेगळ्याच गाण्यावरून पश्चिम हिंदी महासागरात निळ्या देवमाशांचा आजवर न ओळखलेला समूह असावा, असे संशोधकांनी मांडले. तो समूह आधी कानांनी सापडला.

आपल्या बाजूला काय ऐकले गेले आहे? १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य जाहीर झाले. त्यानंतर १९८२ च्या आरंभी ‘ट्यूलिप’ या शिडाच्या संशोधन-नौकेवरून हॅल व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी उत्तर हिंदी महासागरात हंपबॅकची गाणी टिपली. गाण्याचा काळ उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्याचा, ही बाब तेव्हाच व्हाइटहेड यांच्या लक्षात आली होती. मिखालेव यांची वही उघडण्याच्या कितीतरी आधी आवाजाने तीच साक्ष दिली होती. दोन साधने एकमेकांना न ओळखता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा इतिहासकार निर्धास्त होतो.

२०१७ च्या मुद्रणांत गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ उथळ पाण्यात हंपबॅकचे गाणे आढळले. या कामात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा सहभाग होता. कोकणाला सर्वांत जवळचा असा हा ध्वनिपुरावा. त्याच्या दक्षिणेला, लक्षद्वीपमध्ये, दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांनी २०१८ च्या अखेरीपासून २०२० पर्यंत कवरत्तीच्या आसपास निळ्या देवमाशांची गाणी नोंदवली. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ती ऐकू आली, सर्वाधिक एप्रिल-मेमध्ये. भारताच्या किनाऱ्याजवळ हंगामाविषयी खात्रीने बोलण्याच्या जवळ जाणारे काम हेच, कारण तिथे यंत्र दीर्घकाळ पाण्यात राहिले.

आणि महाराष्ट्र? २०१५ च्या पूर्वार्धात कोकण सिटेशियन रिसर्च टीमला सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या बाजूला निळे देवमासे दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले. त्याला समुद्रात परत नेण्याचे प्रयत्न झाले, पण ते वाचले नाही. त्याआधीच्या काळाकडे गेले, तर १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या नोंदी विखुरलेल्या आहेत.

या नोंदी मोलाच्या आहेत, पण त्यांचा कल ओळखला पाहिजे. पहिल्या प्रकारच्या नोंदी होड्या समुद्रात असतात तेव्हाच्या. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत समुद्रही उधाणलेला असतो. देवमासा आला तरी पाहणार कोण? दुसऱ्या प्रकारच्या नोंदी मृत्यूच्या. नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा मृत शरीर किनाऱ्याकडे लोटतात, त्यामुळे ते कधी वर आले हे कळते, देवमासा तिथे कधीपासून वावरत होता हे कळत नाही. किनाऱ्याचा इतिहास असा अर्धा धडधाकट नजरेचा आणि अर्धा पंचनाम्याचा आहे. पावसाळ्याचे चार महिने त्यात जवळजवळ कोरे आहेत.

त्या कोऱ्या पानांवर लिहू शकेल असे साधन म्हणजे तळाशी ठेवलेला हायड्रोफोन. त्याला लाट अडवत नाही, रात्र अडवत नाही. इथपर्यंत ध्वनिसंशोधनाचे समर्थक जे म्हणतात त्याच्याशी पूर्ण सहमत व्हावे.

पुढचे पाऊल मात्र निसरडे आहे, आणि ते दाखवण्यासाठी लुबानची गोष्ट सांगावी लागते. लुबान म्हणजे अरबीत धूपाचा ऊद. या नावाच्या हंपबॅक मादीला ओमानच्या मसिरा आखातात २०१७ च्या अखेरीस उपग्रहाला संकेत देणारे उपकरण लावले गेले. ती सरळ पूर्वेला निघाली, अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आली, गोव्याच्या टापूतून दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुढे पुन्हा ओमानकडे परतली. ओमान आणि भारत यांच्यातील हंपबॅकचा असा प्रवास यापूर्वी कधीच नोंदला गेला नव्हता. तिच्या वाटेवर एखादे यंत्र अखंड ऐकत बसले असते, तर त्यात तिचे गाणे नोंदले गेले असते का?

नसते. लुबान मादी होती. गाणे नराचे असते.

म्हणजे यंत्र चालू, देवमासा समोर, आणि मुद्रण रिते. इतिहासात याला मौनावरून काढलेला पुरावा म्हणतात, आणि त्याच्या खोड्या प्रत्येक संशोधकाने सोसलेल्या असतात. एखाद्या वर्षाचे पत्र नाही, याचे अर्थ किती? पत्र लिहिलेच नाही. लिहिले पण पोचले नाही. पोचले पण वाळवीने खाल्ले. किंवा आहे, पण भलत्याच रुमालात बांधलेले आहे. समुद्रातील मौनाचेही असेच. देवमासा नव्हता. होता, पण मादी किंवा पिल्लू होते. नर होता, पण गात नव्हता. गात होता, पण जवळून मालवाहू जहाज गेले आणि त्याच्या यंत्राच्या घरघरीत तो बुडाला. पावसाळी लाटांचा आणि पावसाच्या थेंबांचा आवाज वाढला आणि यंत्राची ऐकण्याची कक्षा आखडली. बॅटरी संपली. जाळ्याने यंत्रच ओढून नेले. ही सगळी मौने आलेखावर एकाच उंचीची दिसतात : शून्य.

म्हणूनच ‘जून ते सप्टेंबर गाणे आढळले नाही’ हे वाक्य आणि ‘जून ते सप्टेंबर देवमासे नसतात’ हे वाक्य यांच्यात जे अंतर आहे, ते बातमीदाराने मिटवले तर समजता येते, संशोधकाने मिटवू नये. लक्षद्वीपच्या अभ्यासातही गाणे ऐकू येण्याच्या वेळेविषयी बोलले गेले आहे, आणि ते तसेच वाचले पाहिजे. त्याचे ‘निळे देवमासे एप्रिलमध्ये येतात’ असे भाषांतर करणारे लोक मूळ मजकुरात नसलेला शब्द घालतात.

अंतर कमी करण्याचा मार्ग आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण साताऱ्यातच आहे. कोयना.

शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि परिसरात धक्के जाणवू लागले. भूकंपमापक यंत्रे बसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. सोव्हिएत ताफ्यांच्या त्या नोव्हेंबरनंतर अवघ्या वर्षभराने. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या आसपास माणसे गेली. त्यानंतरही यंत्रे ऐकत राहिली. साठ वर्षांच्या या सलग नोंदीमुळे आज ठामपणे सांगता येते की पावसाळ्यात जलाशय भरल्यावर, विशेषतः सप्टेंबरच्या सुमारास, धक्क्यांची संख्या वाढते. पाणी उपसले जाण्याच्या काळातही एक चढ दिसतो. भूकंपाला ऋतू असतो असे १९६३ मध्ये कोणी म्हटले असते, तर लोक हसले असते. एका वर्षाच्या नोंदीवरून ते म्हणताही आले नसते. आज कराडजवळ याच धक्क्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले आहे.

कोयनेच्या नोंदींचा खरा गुण कंटाळवाणेपणा आहे. काहीही न घडलेले हजारो दिवस त्यांत प्रामाणिकपणे नोंदले आहेत, यंत्र बंद पडल्याचे दिवस वेगळे दाखवता येतात, आणि म्हणून ‘शांत’ या शब्दाला तिथे अर्थ आहे.

थोडे विषयांतर, पण मजेचे. भूकंपमापक आणि देवमासे यांचे नाते निव्वळ उपमेचे नाही. समुद्रतळावर ठेवलेल्या भूकंपमापकांत फिन देवमाशांचे २० हर्ट्झच्या आसपासचे ठोके नेहमीच उमटत असतात. भूगर्भशास्त्रज्ञ पूर्वी त्यांना गोंगाट समजून वगळत. २०२१ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यासमोरच्या अशा नोंदींतून वाक्लाव कुना आणि जॉन नाबेलेक यांनी उलटा उपयोग करून दाखवला : देवमाशांच्या गाण्याचे तळाखालच्या थरांतून आलेले प्रतिध्वनी वापरून त्यांनी समुद्रतळाच्या कवचाचे थर ओळखले. एकाचा कचरा तो दुसऱ्याचे साधन. जमाखर्चाच्या ज्या कागदांना पूर्वी कोणी विचारत नव्हते, त्यांवर आज सामाजिक इतिहास लिहिला जातो, तसेच हे. अर्थात, कचरा जपून ठेवलेला असला तरच.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळू नये. पाण्याखालचा आवाज हा संरक्षणाचा विषय आहे. पाणबुड्या आवाजावरून ओळखल्या जातात. मुंबई आणि कारवार येथे नौदलाचे मोठे तळ आहेत. बारमाही ध्वनिमुद्रण सर्वांना खुले करा, असे म्हणणे भाबडेपणाचे नाही का?

आक्षेपात तथ्य आहे. पण यावर इतरांनी तोडगा काढलेला आहे. अमेरिकी नौदलाने शीतयुद्धात सोव्हिएत पाणबुड्यांवर कान ठेवण्यासाठी समुद्रतळावर ध्वनिग्राहकांचे जाळे टाकले होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते काही प्रमाणात शास्त्रज्ञांना खुले झाले आणि निळ्या देवमाशांचा माग शेकडो किलोमीटर काढता येऊ लागला. संवेदनशील भाग गाळून, काही काळ राखून, देवमाशांच्या स्वरपट्टीपुरते मुद्रण देता येते. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर पेशवे दफ्तराचा घ्यावा. इंग्रज सरकारने ते दीर्घकाळ देशी संशोधकांना बंद ठेवले, राजकीय जोखमीचे कारण होतेच. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. राज्य काही कोसळले नाही. निवड सदोष आहे अशी टीका झाली, ती आजही होते. पण टीका करण्याजोगे काहीतरी लोकांच्या हातात आले.

बंद कपाटाहून मोठा धोका वेळेचा आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. त्या प्रकल्पाच्या बाजूने वा विरुद्ध इथे काही म्हणायचे नाही. एवढेच, की बंदर चालू झाल्यावर जहाजांची ये-जा वाढेल आणि त्याबरोबर पाण्याखालचा गोंगाट वाढेल. नंतर मुद्रण सुरू केले आणि देवमासा ऐकू आला नाही, तर तो पूर्वीही नव्हता की गोंगाटाने गेला की गोंगाटात बुडाला, हे कधीच सांगता येणार नाही. आधीचा आवाज नंतर मुद्रित करता येत नाही.

कॅनडाच्या फंडी उपसागरातील एक योग इथे आठवतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस जहाजांची वाहतूक घटली आणि समुद्र शांत झाला. त्या सुमारास तेथील राइट देवमाशांच्या विष्ठेतील तणावद्रव्यांचे प्रमाण उतरलेले होते. हे कळले, कारण त्याच हंगामात दोन वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या कारणांसाठी आवाजाच्या आणि विष्ठेच्या नोंदी आधीपासून चालू ठेवल्या होत्या. असा योग मागून मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या समुद्रांतील जहाजांचा आवाज कमी झाला. कोकण किनाऱ्यावर तेव्हा अशी अखंड नोंद चालू असती, तर गोंगाटाचा परिणाम मोजण्याची तशीच संधी आपल्याला लाभली असती.

मागणी मोठी नाही. पालघर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यासमोर किमान एकेक यंत्र. किमान पाच वर्षे. पावसाळ्यात बंद न करता. यंत्र कधी चालू, कधी बंद, त्या तासाला गोंगाट किती, याची नोंद मुद्रणाइतक्याच काळजीने. मूळ ध्वनी जसाच्या तसा राखलेला, निव्वळ निष्कर्षांचा तक्ता नव्हे. कारण आजचे संगणक जे ओळखत नाहीत ते उद्याचे ओळखतील. आणि त्याच्या जोडीला मच्छीमारांच्या आठवणी, किनाऱ्यावरचे पंचनामे, जुन्या नियतकालिकांतील टिपणे एका सूचीत. हे शेवटचे काम करायला बोटीची गरज नाही, मोडी-इंग्रजी वाचता येणारी आणि गावोगाव फिरायची सवय असलेली मुले लागतात. ती सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत आहेत.

मूळ ध्वनी राखण्याचा आग्रह कशासाठी, याचे कारण निळ्या देवमाशांनीच दिले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या निळ्या देवमाशांच्या गाण्यांची तुलना केली गेली, आणि प्रत्येक समूहाचे गाणे दशकानुदशके हळूहळू खालच्या पट्टीत उतरत असल्याचे आढळले. कारणाबद्दल अजून वाद आहे. पण ही उतरण दिसली ती १९६० च्या दशकातील मुद्रणे कोणीतरी सांभाळून ठेवली होती म्हणून. तेव्हा ती मुद्रणे करणाऱ्यांना असा प्रश्न सुचलेलाही नव्हता. ग्रँड बेटाजवळच्या २०१७ च्या गाण्याशी ताडून पाहायला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे त्याच वर्षाचे बारा महिन्यांचे मुद्रण मिळणार नाही. येत्या जूनपासूनचे मिळू शकते.